एड्सच्या आठवणीला म्हापशात जागा हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१ डिसेंबरला, जागतिक एड्स दिनी, आपल्याकडे गोव्यात शाळकरी मुलांची फेरी निघते, लाल फिती वाटतात आणि दुपारपर्यंत सगळं आटोपतं. त्याबद्दल एक मागणं आहे.

माझी नात पणजीत अल्तिनोवर कला महाविद्यालयात शिकते. फेलिक्स गोन्झालेझ-तोरेस या क्यूबात जन्मलेल्या अमेरिकी कलाकाराचं १९९१ सालचं एक काम तिने मला मोबाईलवर दाखवलं. खोलीच्या कोपऱ्यात रंगीत, चकचकीत कागदांत गुंडाळलेल्या गोळ्यांचा ढीग. औषधाच्या नव्हेत, मुलं चघळतात त्या. ढिगाचं वजन १७५ पौंड, म्हणजे सुमारे ७९ किलो. फेलिक्सचा जोडीदार रॉस त्याच वर्षी एड्सने गेला. हा ढीग म्हणजे रॉसचं व्यक्तिचित्र. बघायला येईल त्याने एक गोळी घ्यायची, खायची. ढीग उतरत जातो, पुन्हा भरताही येतो. फेलिक्स स्वतःही १९९६ साली याच आजाराने गेला.

मी परिचारिका होते. वजन म्हटल्यावर मला डोळ्यांसमोर तक्ता दिसला. खाणीवरच्या ट्रकचा एक ड्रायव्हर आमच्या वॉर्डात होता, १९९८ साली. त्याचं वजन मीच लिहायचे: ५४, ४७, मग ३९. सरकारी केंद्रांतून फुकट औषधं मिळू लागली ती २००४पासून. तोवर आम्ही फक्त आकडे लिहीत राहिलो. त्याची आई पेजेचा डबा आणायची. वॉर्डबॉय तो डबा पायाने खाटेखाली सरकवायचा. गणेशचवथीला तिने नेवऱ्या, म्हणजे करंज्या, आणल्या. ड्रायव्हरने डबा उघडून माझ्यापुढे धरला. शिवल्याने, एकत्र खाल्ल्याने हा रोग होत नाही हे मी शिकले होते, इतरांना शिकवतही होते. मी एक नेवरी घेतली, एप्रनच्या खिशात ठेवली आणि संध्याकाळी फेकून दिली. दिवाळी त्याला दिसली नाही.

आपल्या गोव्याने तर याहून मोठं पाप केलं आहे. पर्रा गावचा डॉमिनिक डिसोझा नेमाने रक्तदान करणारा तरुण. १९८९ साली त्याचं रक्त एचआयव्ही-बाधित निघालं. तेव्हाच्या गोवा सार्वजनिक आरोग्य कायद्याच्या आधाराने पोलिसांनी त्याला उचललं आणि म्हापशाच्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस एकटं डांबलं. त्याची आई लुसी उच्च न्यायालयात गेली. १९९२ साली, वारण्याआधी, त्याने बाधितांसाठी ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी करायला घेतली. नातीला यातलं काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. तिला शिकागोच्या संग्रहालयातला रॉस माहीत, म्हापशातला डॉमिनिक नाही!

म्हणून कला व संस्कृती खात्याला आणि आपल्या चित्रकारांना कळकळीची विनंती आहे. येत्या १ डिसेंबरला म्हापशात डॉमिनिकच्या आठवणीचं काम उभं राहू दे. फेलिक्सची नक्कल नको, आपलं काहीतरी करा. माणसाच्या वजनाच्या नेवऱ्याच का असेनात, बाधितांच्या हातच्या, येईल त्याने एक घ्यावी अशा. २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने भेदभावाला बंदी घातली, पण घरातला वेगळा काढलेला पेला कायद्याला दिसत नाही.

असा ढीग मांडलात तर मला कळवा. मी डिचोलीहून पहिल्या बसने येईन आणि माझी नेवरी तिथेच, सगळ्यांसमोर खाईन.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, डिचोली