मिक्स माल भट्टीत घालण्याआधी, मंत्रिमहोदय

प्रति,
मा. पर्यावरण व वातावरणीय बदल मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सन्माननीय मंत्रिमहोदय,

सप्रेम नमस्कार.

प्लास्टिकचा विषय निघाला की आपल्याकडे गाडी पिशवीपाशीच अडते. 2018 ची बंदी, धाडी, दंडाच्या पावत्या, सगळं झालं. मला बोलायचंय ते पुढच्या टप्प्याबद्दल, गोळा झालेलं प्लास्टिक वितळवून त्याचा पुन्हा दाणा पाडतात तिथलं. माझं पोट याच धंद्यावर आहे, तेव्हा यात माझाही स्वार्थ आहे, हे आधीच सांगून टाकतो.

भंगारातला माल कितीही निवडला तरी पीई (पॉलिथिन) आणि पीपी (पॉलिप्रॉपिलिन) ही दोन प्लास्टिकं एकत्र येतातच. शाम्पूची बाटली एचडीची, म्हणजे कडक पीईची, तिचं झाकण पीपीचं. पेट, म्हणजे पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक, पाण्यात बुडतं म्हणून हौदात वेगळं काढता येतं, पण हे दोघेही पाण्यापेक्षा हलके, दोघेही तरंगतात. निवडणारी माणसं काडी लावून वासावरून ओळखतात खरी, पण ग्राइंडरमधून निघालेल्या टनभर चुऱ्यावर तो उपाय कसा चालणार? मग दोन्ही एकाच एक्स्ट्रूडरमध्ये, म्हणजे प्लास्टिक वितळवून दाबणाऱ्या यंत्रात जातात. दाणा दिसायला छान पडतो. त्याची बादली भरून उचलली की कडीच्या कानापाशी टचकन तुटते. तुटलेली कड नखाने खरवडून पाहा, पापुद्रे निघतात. दोन्ही प्लास्टिकं वितळली, पण एकजीव झाली नाहीत. एकाचे थेंब दुसऱ्यात तसेच गोठले आणि मधला सांधा कच्चा राहिला. दोष कामगाराचा नाही. पॉलिमरच्या साखळ्या इतक्या लांब असतात की मिसळणं हा त्यांच्यासाठी अपवादच.

यावर इलाज आहे आणि तो नवा नाही. तेल आणि पाण्यामध्ये साबण जे काम करतो, तेच इथे कॉम्पॅटिबिलायझर, म्हणजे जुळवून घेणारा मसाला करतो. साखळीचा एक भाग एका प्लास्टिकशी जमतो, दुसरा दुसऱ्याशी. त्यामुळे थेंब बारीक होतात, पुन्हा गोळा होत नाहीत आणि ताण सांध्यातून पलीकडे पोचतो. पीई आणि नायलॉनचे थर असलेल्या फिल्मसाठी मॅलेइक अनहायड्राइड जोडलेलं पीई वापरतात. एक्स्ट्रूडरच्या उष्णतेतच ते नायलॉनच्या टोकाशी रासायनिक बंध बांधतं. शंभर किलो मालाला साधारण दोन ते पाच किलो पुरतं. पीई-पीपीच्या बाबतीत 2017 साली कॉर्नेल आणि मिनेसोटा विद्यापीठांच्या संशोधकांनी दाखवलं की दोन्हींचे आलटून-पालटून तुकडे जोडलेली साखळी फक्त एक टक्का घातली तरी ठिसूळ मिश्रण चिवट होतं.

मग छोटे कारखाने हे का करत नाहीत? कारण दाणा किलोवर विकला जातो. गिऱ्हाईक रंग आणि एमएफआय (वितळलेला माल किती सहज वाहतो त्याचा आकडा) विचारतं, आपटून कुणी बघत नाही. महागडा कॉम्पॅटिबिलायझर घालणारा भावात मार खातो. शिवाय नीट मिसळायला ट्विन-स्क्रू, म्हणजे दोन स्क्रूंचा एक्स्ट्रूडर लागतो, आणि आमच्यातल्या बहुतेकांकडे जुना सिंगल-स्क्रू आहे.

केंद्राच्या नियमांनुसार कडक पॅकेजिंगमध्ये 2025-26 साठी 30 टक्के पुनर्वापरित प्लास्टिकचं बंधन आहे, आणि 2028-29 पर्यंत ते 60 वर जाणार आहे. ठिसूळ दाण्याने हे गणित सुटणार नाही. मोठ्या कंपन्या आपली सोय कशीही लावतील, छोटा रिसायकलर मात्र बाहेर फेकला जाईल आणि त्याचा मिक्स माल सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून जाईल.

म्हणून मागणं दोनच. एक, जिथे रिसायकलर दाटीने आहेत अशा औद्योगिक वसाहतींत सामायिक ट्विन-स्क्रू आणि आघात-चाचणीचं यंत्र द्या. भाडं आम्ही भरू. तंत्र शिकवायला संभाजीनगरला सिपेट ही केंद्राची प्लास्टिक-तंत्र संस्था आहे, पुण्याला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (एनसीएल) आहे, माटुंग्याला रसायन तंत्रज्ञान संस्था (आयसीटी) आहे. दुसरं मागणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि त्याला पैसेही लागत नाहीत. नगरपालिका ओल्या-सुक्या कचऱ्याचे डबे निविदा काढून घेतात. त्या निविदेत वजन आणि रंगाबरोबर एवढंच लिहा की डब्यात अमुक टक्के पुनर्वापरित माल हवा आणि भरलेला डबा अमुक उंचीवरून पडला तरी फुटता कामा नये. ही अट आली की कॉम्पॅटिबिलायझरचा खर्च आपोआप भावात बसेल.

एक सावधगिरीही सांगायला हवी. हा मसाला घातला की निवडायची गरज नाही, असं कुणी आपल्याला सांगेल. ऐकू नका. पेटच्या लॉटमध्ये थोडं पीव्हीसी (पाइपचं प्लास्टिक) गेलं तरी त्यातून आम्ल सुटतं, माल नासतो, मशीनही गंजतं. तिथे कुठलाही कॉम्पॅटिबिलायझर कामाचा नाही. निवडणाऱ्या बायामाणसांची मजुरी या खर्चात धरूनच योजना आखावी, ही विनंती.

कळावे,
आपला विश्वासू,
एक लघुउद्योजक