पहिल्या रायफलच्या कॉम्बोवर रिमफायरचा (म्हणजे .२२ च्या हलक्या काडतुसासाठीचा) स्कोप लावून पाठवल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग प्रमुख

विषय: .३०८ बोल्ट ॲक्शन रायफल + ३-९×४० स्कोप (३ ते ९ पट मोठं दाखवणारी नेमाची दुर्बीण, पुढची काच ४० मिमीची) कॉम्बो. चुकीचा स्कोप, चुकीचे स्क्रू, आणि तीन वेळा फोन करूनही न मिळालेलं उत्तर.

नमस्कार,

सात आठवड्यांपूर्वी तुमच्याकडून वरचा कॉम्बो घेतला. ही माझी पहिली रायफल, याआधी दुसऱ्याच्या चालवल्या होत्या पण स्वतःची कधी नव्हती. परवाना, ट्रेनिंग, तिजोरी सगळं आधी करून ठेवलं होतं. पहिलंच सांगतो, रायफलबद्दल माझी काहीच तक्रार नाहीये. तक्रार आहे तिच्यावर तुम्ही जे लावून पाठवलंत त्याची, आणि त्यानंतर फोनवर मला जे ऐकावं लागलं त्याची.

बजेट कमी होतं म्हणून मी घाई केली नाही, दोन महिने नुसतं वाचत आणि विचारत होतो. ज्याला विचारलं तो एकच सांगत होता की रायफल साधी असली तरी चालेल, काच साधी नको, कारण आजकाल साध्या बोल्ट ॲक्शन रायफलीसुद्धा नेमाला चांगल्या असतात आणि पैसे वाचवायला गेलं की माणूस फसतो ते स्कोपमध्ये. ६.५ क्रीडमूर या काडतुसाचा झटका कमी असतो हे माहीत होतं, तरी .३०८ घेतली, कारण हे काडतूस १९५२ पासून चालत आलंय, बहुतेक ठिकाणी मिळतं, आणि मला शिकारीपेक्षा आधी भरपूर प्रॅक्टिस करायची होती. रायफल आणि स्कोप वेगवेगळे घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं. तेवढ्यात तुमचा कॉम्बो दिसला, "स्कोप बसवलेला, बोर-साइट केलेला, बॉक्समधून काढा आणि शिकारीला चला". नवीन माणसाला बेस (रायफलवर बसणारी पट्टी) कुठला, रिंग (स्कोप धरणारं कडं) कुठली, स्क्रू किती घट्ट करायचा हे काहीच कळत नसतं, त्यामुळे जाणकारांनी बसवून दिलेलं बरं असं वाटलं. स्कोपची कंपनी आणि मॉडेल तुम्ही कुठेच लिहिलं नव्हतं, फक्त ३-९×४० आणि आय रिलीफ (डोळा स्कोपपासून किती लांब ठेवायचा ते अंतर) साडेतीन इंच. मी तेव्हाच विचारायला हवं होतं हे मान्य, पण लिहायचं काम तुमचं होतं.

पहिल्या दिवशी २५ यार्डावर सुरुवात केली. गोळ्या तीन इंच डावीकडे पडत होत्या. त्याबद्दल काही म्हणणं नाही, बोर-साइटिंगने (नळीच्या रोखाशी स्कोप ढोबळ जुळवून) गोळी फक्त कागदावर येते, झिरो (गोळी नेमक्या नेमावर आणणं) आपल्यालाच करावा लागतो, एवढं मला कळतं. स्कोपच्या खुंटीचा पाव एमओएचा (एमओए हे कोनाचं माप, १०० यार्डावर साधारण एक इंच) क्लिक २५ यार्डावर इंचाचा सोळावा भाग सरकतो, म्हणजे तीन इंचाला ४८ क्लिक. मोजून दिले, गोळी मध्ये आली. मग १०० यार्डावर गेलो. पहिल्या तीन गोळ्या दोन इंचात बसल्या, मला इतका आनंद झाला की टार्गेटचा फोटो घरी पाठवला. पुढच्या तीन त्याच्या सात इंच वर आणि उजवीकडे. परत क्लिक दिले, तीन गोळ्या नीट, मग एक भलतीकडेच. असं करत त्या दिवशी २० राउंड संपले, पुढच्या शनिवारी अजून २०, आणि त्याच दिवशी ९ एक्सवर मारताना स्कोपची कड भुवईवर बसली, चीर गेली, रक्त आलं. लाज वाटली म्हणून रुमाल धरून गाडीत जाऊन बसलो.

मग तुम्हाला फोन केला. तुमच्या माणसाने मला स्क्रूबद्दल एक शब्द विचारला नाही. म्हणाला, "सर तुम्ही नवीन आहात, ट्रिगर ओढताना दचकताय, सवय होईल." दुसऱ्यांदा केला तर दुसऱ्या कोणीतरी तेच सांगितलं, आणि भुवईचं सांगितलं तर म्हणाली की डोकं पुढे नेताय. तिसऱ्यांदा म्हणाले, नोंद घेतलीये.

मला सगळ्यात जास्त राग याचाच आहे, कारण मी ते खरं मानलं. नवीन माणूस स्वतःवरच संशय घेतो ना. तीन आठवडे मला वाटत राहिलं की आपल्याला हे जमणारच नाही, रायफल विकून टाकावी असंही एकदा बायकोजवळ बोललो. तिनेच विचारलं की तू दचकतोस हे कोणी बघितलंय का? मग आम्ही रेंजवर एक टेस्ट केली. मी पाठ फिरवून उभा राहायचो, ती चेंबरमध्ये कधी खरा राउंड आणि कधी डमी घालून बोल्ट बंद करायची, मला सांगायची नाही. नंतर मी बसून नेम धरायचा आणि ट्रिगर दाबायचा. डमीवर नुसता टक् आवाज येतो, आणि माणूस दचकत असेल तर त्या क्षणी नळी खाली जाते, लपत नाही. दहापैकी सहा वेळा तिने डमी घातला होता, सहाही वेळा क्रॉसहेअर जागच्या जागी राहिला. ती बाजूला बसून नळीच्या टोकाकडे बघत होती, म्हणाली, "तू हलत नाहीयेस, दुसरं काहीतरी हलतंय."

रेंजवर एक वयस्कर काका येतात, अनेक वर्षं नेमबाजी करतात. त्यांनी बोल्ट काढून चेंबर रिकामा असल्याचं बघितलं, एका हाताने रायफल धरली, दुसऱ्याने स्कोप धरून हलवला आणि तो हलला, म्हणजे अगदी डोळ्यांना दिसेल इतका. रिंगचे स्क्रू घट्ट होते, खालचा बेस हलत होता. उघडून बघितलं तर बेसच्या पुढच्या भोकात लांब स्क्रू आणि मागच्या भोकात आखूड स्क्रू, जे माझ्या रायफलला बरोब्बर उलटं पाहिजे. पुढचा लांब स्क्रू आत जाऊन बॅरलच्या आट्यांवर टेकला होता, त्यामुळे पाना लावला की तो घट्टच वाटायचा, फिरायचाच नाही, पण त्याच्या डोक्याखाली बेस मोकळा. मागचा जेमतेम दोन आट्यांवर उभा. म्हणजे मी घरी चेक केलं असतं तरी मला सगळं घट्टच लागलं असतं. ज्याने बसवलं त्याने बेस एकदा हाताने हलवून बघितला असता तर एका मिनिटात कळलं असतं.

योग्य स्क्रू आणून, टॉर्क ड्रायव्हर (ठरावीक जोरानेच घट्ट करणारा पाना) लावून बेस आणि रिंग परत बसवल्या. ग्रुप (गोळ्या एकमेकींच्या किती जवळ पडतात ते) सुधारला पण भटकणं थांबलं नाही. मग बॉक्स टेस्ट केली, एक गोळी मारायची, २० क्लिक वर, २० उजवीकडे, २० खाली, २० डावीकडे, प्रत्येक कोपऱ्यावर एक गोळी. १०० यार्डावर पाच-पाच इंचाचा चौकोन पडायला पाहिजे आणि पाचवी गोळी पहिल्याच्या शेजारी यायला पाहिजे. माझी पाचवी चार इंच लांब पडली, चौकोन तर झालाच नाही.

तेव्हा स्कोपचं खोकं परत काढलं. खालच्या बाजूला तुमच्या दुकानाचा स्टिकर आहे, त्याचं टोक उचललं तर आत छापलेलं: रिमफायर, पॅरलॅक्स ५० यार्ड (म्हणजे डोळा जरा कडेला गेला तरी नेम सरकत नाही ते अंतर). हा .२२ रिमफायरसाठीचा स्कोप आहे! .२२ ची गोळी साधारण ४० ग्रेन वजनाची, मी वापरतो ती १५० ग्रेनची आणि तिच्यामागे दारू कितीतरी जास्त. स्कोपच्या आत क्रॉसहेअरवाली नळी एका स्प्रिंगवर टेकलेली असते, .२२ ला झटका जवळजवळ नसतोच म्हणून तिथे हलकी स्प्रिंग चालून जाते, .३०८ चे चाळीस झटके बसल्यावर ती जागेवर राहील ही अपेक्षाच चुकीची आहे. पॅरलॅक्सचं मी वाढवून सांगणार नाही, १०० यार्डावर डोळा पूर्ण कडेला गेला तरी त्याने फार तर पाऊण इंचाची चूक होते, सात इंच त्याच्यामुळे गेले नाहीत. पण त्यावरून हे नक्की होतं की हा स्कोप या रायफलसाठी बनलेलाच नाही.

भुवईचंही कारण हेच. बोल्ट काढून ठेवला, स्कोप खिडकीच्या उजेडाकडे केला आणि मागे पांढरा कागद धरून पुढे-मागे सरकवला, उजेडाची गोल चकती सगळ्यात स्पष्ट दिसते तिथे डोळा पाहिजे. ९ एक्सवर ते अंतर पावणेतीन इंच आलं. तुमच्या माहितीत साडेतीन लिहिलंय. माझं डोकं पुढे जात नव्हतं.

शेवटी एका मित्राचा जुना फिक्स्ड ४ एक्स स्कोप उसना घेऊन त्याच रायफलवर बसवला. तीच काडतुसं, तोच मी. १०० यार्डावर तीन गोळ्या सव्वा इंचात, आणि त्यानंतरच्या सगळ्या तिथेच.

मी या सीझनला शिकारीला गेलो नाही. हरणाच्या छातीत जिथे गोळी लागली की जनावर लगेच जातं ती जागा जेमतेम आठ इंचाची असते, आणि सात इंच भटकणारी रायफल घेऊन जाणं म्हणजे गोळी पोटात नाहीतर पायात, ते जनावर झाडीत जाऊन रात्रभर तडफडणार. तुम्ही लिहिलंय तसं मी खरंच बॉक्समधून काढून गेलो असतो तर हेच झालं असतं. ज्यांनी तुमच्यावर विश्वास ठेवून तसं केलं असेल त्यांचं काय? हा कॉम्बो मी एकट्याने तर घेतला नसणार. ज्यांना ज्यांना विकलाय त्या सगळ्यांना आधी कळवा, बेस हलवून बघा आणि खोक्याचा स्टिकर काढून बघा म्हणून. माझ्या पैशांपेक्षा हे आधी करा.

मला रायफल परत करायची नाहीये, तिच्यावर जीव जडलाय. स्कोप, रिंग आणि बेसचे पैसे परत पाहिजेत, स्कोप तुमच्या खर्चाने घेऊन जा. बदली स्कोप तुमच्याकडून नको, मी मॉडेल बघून स्वतः घेईन. वाया गेलेल्या ६० राउंडचे आणि नवीन स्क्रूंचे पैसे पण द्यावेत, पावत्या आहेत. आणि तुमच्या माहितीत स्कोपची कंपनी, मॉडेल, पॅरलॅक्स किती यार्डाला, आय रिलीफ खरा किती हे छापा. फोनवर बसणाऱ्या लोकांनाही एवढं शिकवा की ग्रुप भटकतोय म्हटलं की पहिला प्रश्न बेस आणि रिंगचा, माणसाचा नंतर.

१५ दिवसांत लेखी उत्तर द्या, फोन नको. नाही आलं तर हेच सगळं ग्राहक तक्रार निवारणाकडे देणार आहे.

सोबत खोक्याचे स्टिकरसकट आणि स्टिकर उचलून काढलेले फोटो, दोन्ही स्क्रू शेजारी पट्टी ठेवून काढलेला फोटो, सगळी टार्गेट तारखांसकट, आणि पावत्या जोडल्यात. मूळ स्क्रू पाकिटात घालून ठेवलेत, तुमचा माणूस स्कोप न्यायला येईल तेव्हा देईन.

तुमचा एक ग्राहक
(ऑर्डर नंबर आणि फोन नंबर ईमेलच्या वरती दिलाय)