मंत्री साहेब, ऊसतोड कामगाराचा मालक कोण ते एकदा कागदावर येऊ द्या

मा. कामगार मंत्री साहेब,
नमस्कार.

मी धारूर तालुक्यातला. आई-बापानी आयुष्यभर कोयता धरला, मी आता अंबाजोगाईला एका वकिलाकडं टायपिंग करतो, त्यामुळं फडात कुणाला मार लागला की लोक कागद घेऊन आधी माझ्याकडंच येतात.

मागच्या वर्षी तांड्यावरचे एक जण आले, म्हणजे त्यांची बायको आली, ते अंथरुणावरच आहेत. वय पस्तीस. 2023 च्या सीझनला रात्री ट्रॉली भरायची चालू होती, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढताना दवानं ओल्या फळीवरून पाय सटकला आणि मणका गेला, कंबरेखाली काहीच हलत नाही. वहिनीनी कॅरीबॅगमधून कागद काढले. डिस्चार्ज कार्ड, एक्सरे आणि टोळी जमवणाऱ्या मुकादमानं उचल म्हणजे आगाऊ पैसे देताना करून घेतलेला स्टॅम्पपेपर, त्याच्यावर नवरा-बायको दोघांचे अंगठे, साक्षीदार, आधारची झेरॉक्स, सगळं कसं पक्कं. आणि एक वजनकाट्याची पावती, त्यात कारखान्याचं नाव, ट्रॅक्टरचा नंबर, वाहतूकदाराचं नाव, उसाचं वजन, पण ज्यानी तो ऊस तोडला त्याचं नाव कुठंच नाही.

साहेब, सगळी केस इथंच अडकते. कारखाना म्हणतो आमचा करार मुकादमाशी, हा माणूस आम्हाला माहीत नाही. मुकादम म्हणतो मी पण कामगारच, माझ्याकडं कुठून पैसे, उलट उचल फिटायची राहिलीय ती द्या. अपघात झालेल्या माणसाच्या दारात वसुलीला येतात हो, हे मी डोळ्यानं बघितलंय.

कायदा नाही असं नाही. 2023 च्या अपघाताला 1923 चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा लागतो, त्याचं कलम 12 सांगतं की ठेकेदारामार्फत माणूस लावला तरी भरपाई मूळ मालकाकडं मागता येते, त्यानं ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी. पण त्याच कलमात पुढं पोटकलम 4 आहे, अपघात मूळ मालकाच्या कामाच्या किंवा ताब्यातल्या जागेत झालेला पाहिजे. मग कारखान्याचे वकील म्हणतात, शेत तर शेतकऱ्याचं. आता ऊस कुणासाठी तोडला, तोडणीचा प्रोग्राम कुणी लावला, तोडीची चिठ्ठी देणारा स्लिपबॉय कुणाचा, हे सगळं कामगारानंच सिद्ध करत बसायचं, आणि तेही जागेवरून उठता येत नसताना.

पगाराचं तर विचारूच नका. टनावर पैसे, ते पण जोडीला मिळून, म्हणजे बायकोच्या मजुरीचा वेगळा हिशोबच नाही, उद्या तिला काही झालं तर महिन्याची मजुरी किती दाखवायची? कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर महिन्याच्या पगाराच्या 60 टक्के गुणिले कायद्याच्या तक्त्यातला वयाचा आकडा, पस्तिशीला तो 197.06. पगार 15 हजार धरला तर 17 लाख 73 हजार 540 होतात, सहाच हजार धरला तर 7 लाख 9 हजार 416. एक हजेरीचा कागद नसल्यामुळं घरातले दहा लाख जातात!

ट्रॅक्टरखाली सापडलं तर मोटार अपघाताचा दावा करता येतो, पण तिथं 2022 पासून सहा महिन्यांची मुदत घातलीय, त्याला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलंय ते वेगळं. दिवाळी झाल्यावर गेलेली टोळी उन्हाळ्यात परत येते, तोवर मुदत संपत आलेली असती.

आता 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या 1923 च्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झालीय, कामावर जाता-येता झालेला अपघात पण त्यात धरलाय, चांगलं केलं. पण बीडहून ट्रकमधे लेकरंबाळं, भांडीकुंडी घालून सांगली-कोल्हापूरला जाणारी टोळी त्यात बसती का नाही ते राज्यानं स्पष्ट लिहून द्यावं, नाहीतर त्याच्यावर अजून दहा वर्षं वाद चालतील.

माझं मागणं मोठं नाही. प्रत्येक वजन पावतीवर टोळीतल्या सगळ्यांची नावं, बायकांची सुद्धा वेगळी, छापायची सक्ती करा. कारखान्याकडं टोळीचं रजिस्टर असू द्या आणि त्यात नाव असलेल्या माणसाचा मूळ मालक कारखानाच, मग अपघात फडात होऊ दे नाहीतर रस्त्यावर. अपघात झाला की कारखान्यानंच कामगार खात्याला कळवायचं आणि त्याची कॉपी घरच्यांना द्यायची. आणि दावा आपल्या जिल्ह्यात लावता येतो, कोल्हापूरला हेलपाटे घालायची गरज नाही, हे 1995 पासून कायद्यात आहे पण आमच्याकडं कुणालाच माहीत नाही, ते निदान ग्रामपंचायतीच्या बोर्डावर तरी लावा.

पुढचा सीझन सुरू व्हायच्या आत, टोळ्या गाडीत बसायच्या आधी, हा आदेश निघाला पाहिजे.

आपला,
ऊसतोड कामगाराचा मुलगा
ता. धारूर, जि. बीड