समुद्रापासून शंभर किलोमीटर, तरी बंदर

हॅम्बुर्ग,
रविवार

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, नकाशात समुद्र शंभर किलोमीटर लांब दिसतो, मग जर्मनीचं सगळ्यात मोठं बंदर इथे कसं? मी ऑफिसात होते, धड बोलता आलं नाही. आज निवांत लिहिते. तुम्ही दोघं याल तेव्हा इथल्या एल्बे नदीच्या काठी काय काय दाखवायचं तेही त्यातच येऊन जाईल, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर कळलं की इथल्या निम्म्या इमारती आपोआप कळतात.

उत्तर आहे भरती. एल्बे चेक प्रजासत्ताकातल्या डोंगरांत उगम पावते आणि अकराशेच्या आसपास किलोमीटर वाहून उत्तर समुद्राला मिळते. तिचं मुख इतकं रुंद आणि सपाट आहे की भरतीचं पाणी शहर ओलांडून वर गेस्टहाख्तच्या बंधाऱ्यापर्यंत चढतं. दाभोळहून भरती धरून गलबतं आत चिपळूणजवळ गोवळकोटच्या धक्क्याला लागायची असं आजोबा सांगायचे ना, तेच गणित इथे आहे. फक्त गलबताच्या जागी चारशे मीटर लांबीची कंटेनर जहाजं आली. फार भरलेलं जहाज आजही भरतीची वेळ साधूनच आत-बाहेर करतं. शहरात भरती-ओहोटीतला फरक साडेतीन मीटरच्या वर जातो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तो दोनेक मीटरच होता. मोठ्या जहाजांसाठी पात्र खोल करत गेले तशी भरतीही आत जोराने घुसू लागली. ती आता कमी वेळात चढते आणि सावकाश उतरते, आणि चढताना जो गाळ आणते तो उपसण्याचं काम इथे कधी संपतच नाही.

पहिल्या दिवशी तुम्हाला लांडुंग्सब्र्युकेनला नेणार. हा इथला प्रवासी बोटींचा धक्का. काठावर १९०७ ते १९०९ मध्ये बांधलेली लांबलचक दगडी इमारत आहे, पण धक्का स्वतः तरंगता आहे. जवळजवळ सातशे मीटर लांबीची तराफ्यांची रांग पाण्याबरोबर वरखाली होते आणि काठाला लहान पुलांनी जोडलेली आहे. भरतीला पूल सपाट असतात आणि ओहोटीला चांगला उतार होतो, तेव्हा आईचा हात धरावा लागेल. टोकाच्या मनोऱ्यावर घड्याळाबरोबर पाण्याची पातळीही दिसते. वेळ आणि पाणी एकाच मनोऱ्यावर लावणारं शहर मला पहिल्याच आठवड्यात आवडून गेलं.

त्याच्याच शेजारी हिरव्या घुमटाखाली जुना एल्बे बोगदा आहे. ७ सप्टेंबर १९११ ला सुरू झाला. पलीकडच्या काठावर जहाजं बांधणारे कारखाने होते, हजारो कामगारांना रोज नदी ओलांडावी लागे, आणि धुकं किंवा बर्फ असलं की होड्या अडकत. म्हणून नदीच्या पोटातून ४२६ मीटरचा रस्ता काढला, जमिनीपासून २४ मीटर खाली. मोटारी आणि घोडागाड्या उतरवायलासुद्धा लाकडी मोठाल्या लिफ्ट केल्या. खोदताना पाणी आत येऊ नये म्हणून दाबाची हवा भरत. त्या दाबातून बाहेर पडताना कितीतरी मजूर आजारी पडले, काही दगावले. आता तिथून माणसं पायी आणि सायकलने जातात, पैसे पडत नाहीत. भिंतींवर पांढऱ्या फरशा आहेत आणि त्यांत मधूनमधून मासे, खेकडे आणि नदीतले इतर जीव कोरलेले आहेत. कामगारांच्या रोजच्या वाटेवर कुणीतरी इतकं सुंदर काम करवून घेतलं याचं मला फार कौतुक वाटतं. पलीकडे बाहेर पडलं की संपूर्ण शहर पाण्यावर उभं असल्यासारखं समोर दिसतं. फोटो तिथूनच काढायचा.

त्या दृश्यात दोन उंच गोष्टी आहेत. एक मिखेल, म्हणजे सेंट मायकेलचं चर्च. त्याचा मनोरा १३२ मीटरचा. नदीतून येणाऱ्या खलाशांना शहर आलं हे त्यावरूनच कळे. एकदा विजेने आणि एकदा, १९०६ मध्ये, छताच्या दुरुस्तीत लागलेल्या आगीने ते जळालं, आणि दोन्ही वेळा पुन्हा उभं केलं. मनोऱ्यावरून एक वादक रोज चारही दिशांना तोंड करून तुतारीवर प्रार्थना वाजवतो. आई, सकाळी दहाला खाली उभं राहून ती ऐकायची.

दुसरी उंच गोष्ट एल्बफिलहार्मोनी, संगीतसभागृह. तुम्ही तिचे फोटो नक्की पाहिले असतील, विटांच्या इमारतीवर काचेच्या लाटा. खालची विटांची इमारत १९६० च्या दशकातलं कोको, चहा आणि तंबाखूचं गोदाम आहे, ते न पाडता त्याच्या डोक्यावर हे बांधलं. खर्चावरून शहरात वर्षानुवर्षं भांडणं झाली. अंदाज कुठल्या कुठे मागे पडला, बांधकाम रखडलं, आणि शेवटी ११ जानेवारी २०१७ ला पहिली मैफल झाली. आतलं मोठं सभागृह २१०० जणांचं आहे आणि वादक मधोमध बसतात. १२,५०० टन वजनाचं हे सभागृह ३६२ स्प्रिंगांच्या संचांवर बाकी इमारतीपासून अलग ठेवलंय, म्हणजे बाहेर जहाजाने भोंगा दिला तरी आत ऐकू येत नाही. मैफलीचं तिकीट मिळालं नाही तरी ३७ मीटर उंचीवरच्या गच्चीवर जाता येतं. तिथला वारा अंगावर घ्यावा असा असतो.

तिच्या मागे श्पायशरश्टाट आहे, गोदामांचं गाव. मला विचाराल तर एल्बफिलहार्मोनीला अर्धा तास द्या आणि इथे अर्धा दिवस. १८८८ मध्ये हॅम्बुर्ग जर्मनीच्या जकात हद्दीत सामील झालं, पण एक तुकडा जकातमुक्त ठेवायची सवलत त्याने मिळवली. त्या तुकड्यात जगभरचा माल जकात न भरता साठवता येई. ही गोदामं त्यासाठीच बांधली, गाळात ओकच्या लाकडाचे खांब ठोकून त्यांवर लाल विटांच्या सहा-सात मजली रांगा. प्रत्येक गोदामाचं एक तोंड रस्त्याकडे आणि एक कालव्याकडे. माल होडीतून यायचा आणि माळ्यावरच्या कप्पीने वर ओढून घ्यायचे. कॉफी, मिरी, वेलदोडे, गालिचे. मात्र हे उभं करायला तिथली वस्ती पाडली, सुमारे २०,००० माणसांना घर सोडावं लागलं. युनेस्कोने २०१५ मध्ये जागतिक वारसा म्हणून गौरवलेल्या त्या सुंदर भिंतींकडे बघताना ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. तुम्हीही लक्षात ठेवा. होडीने तिथे फिरायचं तर तीही भरती बघून: ओहोटीला कालव्यात गाळ उघडा पडतो, आणि पाणी फार चढलं की पुलांखालून होडी जात नाही.

आता पुराचं. घरात पाणी शिरणं म्हणजे काय हे आपल्याला कुणी सांगायला नको, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते. १६ फेब्रुवारी १९६२ च्या रात्री वायव्येकडून वादळ आलं आणि त्याने समुद्राचं पाणी नदीत ढकललं. लोक झोपेत होते. मातीचे बांध ठिकठिकाणी फुटले. शहरात ३१५ माणसं गेली, सगळ्यात जास्त विल्हेल्म्सबुर्ग या नदीतल्या बेटावर. तिथे युद्धात घरं गेलेली कितीतरी कुटुंबं बागांमधल्या तकलादू घरांत राहत होती. हेल्मुट श्मिट तेव्हा शहराच्या पोलीस खात्याचे प्रमुख होते, पुढे ते देशाचे चॅन्सलर झाले. त्यांनी सैन्य आणि हेलिकॉप्टरं बोलावून छपरांवरची माणसं उतरवली. चौदा वर्षांनी, जानेवारी १९७६ मध्ये, त्याहून पाऊण मीटर उंच पाणी आलं. तोवर बांध उंच केले होते, आणि शहर वाचलं.

तो बांध तुम्ही बघाल, पण बांध म्हणून ओळखणार नाही. लांडुंग्सब्र्युकेनपासून पूर्वेला नदीकाठी एक रुंद फिरायची वाट आहे, रस्त्यापासून बरीच वर. वास्तुरचनाकार झाहा हदीद यांच्या कार्यालयाने तिची रचना केली आणि २०१९ मध्ये ती पूर्ण झाली. दोन्ही बाजूंना पंख्यासारख्या पायऱ्या आहेत. संध्याकाळी मुलं-माणसं तिथे बसून जहाजं बघतात, आणि खाली ही वाट म्हणजे शहराची पूरभिंत आहे. जवळच्या हाफेनसिटी या नव्या वस्तीत तर भिंतच बांधली नाही, इमारतीच भराव घालून समुद्रसपाटीपासून आठ-नऊ मीटरवर उभ्या केल्या. संरक्षणाची भिंत कुरूप असलीच पाहिजे असं नाही, लोकांना तिच्यावर बसता आलं पाहिजे, हे मी इथे शिकले आणि आपल्याकडे कुणी ऐकेल तिथे सांगणार आहे.

एक जागा पर्यटकांच्या यादीत क्वचितच असते, पण मी तुम्हाला हट्टाने नेणार: काल्टेहोफे, नदीतलं एक बेट. ऑगस्ट १८९२ मध्ये इथे कॉलरा आला आणि काही आठवड्यांत ८,६०० च्या वर माणसं मेली. शहर तेव्हा एल्बेचं पाणी न गाळता पीत होतं. पाणी शहराच्या वरच्या अंगाला घेत आणि सांडपाणी खाली सोडत, पण भरती ते सांडपाणी पुन्हा वर आणून सोडी. शेजारचं आल्टोना गाव तर खालच्या अंगाचं, आणखी घाण पाणी घेत होतं, पण ते वाळूतून हळूहळू गाळून पीत होतं आणि बऱ्याच अंशी वाचलं. दोन्ही गावं एकमेकांना चिकटलेली. काही ठिकाणी रस्त्याच्या एका बाजूला साथ आणि दुसऱ्या बाजूला नाही. जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कोख बर्लिनहून आले तेव्हा साथ पाण्यातूनच पसरते याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा त्यांना मिळाला नसता. गाळणीचा खर्च शहराने वर्षानुवर्षं पुढे ढकलला होता. साथीनंतर घाईने काम उरकून १८९३ मध्ये काल्टेहोफेचे वाळूचे हौद सुरू झाले आणि १९९० पर्यंत चालले. आता तिथे संग्रहालय आहे. हौदांच्या कडेला विटांची लहान टोपीवाली घरं आहेत, पक्षी आहेत, शांतता आहे. बाबा, तुम्ही नळपाणी योजनेत आयुष्य घातलंत. हे ठिकाण मला तुमच्याबरोबर बघायचं आहे.

पश्चिमेची बाजू आपण बोटीने करू. ६२ नंबरची फेरी लांडुंग्सब्र्युकेनहून फिंकेनवेर्डरला जाते. बसचंच तिकीट तिच्यावर चालतं, त्यामुळे महागड्या सहलीच्या बोटी नकोतच. वरच्या डेकवर उजवीकडे बसायचं. आधी मासळीबाजार लागेल. १७०३ पासून तो रविवारी पहाटे भरतो, चर्चची वेळ व्हायच्या आत मासळी खपावी म्हणून. लिलावाची लोखंड-काचेची इमारत १८९६ ची आहे आणि मोठ्या भरतीला आजही तिच्यात पाणी येतं. मग ओवेलग्योने. तिथे नदीला चक्क वाळूचा किनारा आहे, जुन्या कामकरी बोटी जपून ठेवलेला छोटा धक्का आहे, आणि पाण्याच्या कडेला २१७ टनांचा ग्रॅनाइटचा धोंडा. हिमयुगात बर्फाने तो स्वीडनहून ढकलत आणला आणि १९९९ मध्ये पात्र उपसताना सापडला. पाठ टेकायला उन्हात छान गरम असतो. समोरच्या काठावर कंटेनरच्या क्रेन. १९६८ मध्ये पहिलं कंटेनर जहाज तिथेच लागलं, आणि त्यानंतर गोदामांच्या गावाचं काम हळूहळू संपत गेलं.

पुढे ब्लांकेनेझे, पूर्वी कोळी आणि नदीतून जहाजं नेणाऱ्या वाटाड्यांचं गाव, टेकडीवर सगळ्या पायऱ्याच पायऱ्या. आईच्या गुडघ्यांसाठी ते खालूनच बघू.

आणि शेवटी शहराबाहेर वेडेल. तिथे १९५२ पासून येणाऱ्या-जाणाऱ्या मोठ्या जहाजांना सलामी देतात: झेंडा खाली-वर करतात आणि जहाज ज्या देशाचं त्याचं राष्ट्रगीत लावतात. भारतीय ध्वजाचं जहाज आलं तर ‘जन गण मन’. या शहरात ते सूर त्याच्याही आधी वाजले आहेत. ११ सप्टेंबर १९४२ ला नेताजी सुभाषचंद्र बोस इथे होते. जर्मन-भारत संस्थेच्या उद्घाटनाला हॅम्बुर्गच्या वाद्यवृंदाने राष्ट्रगीत म्हणून ‘जन गण मन’ वाजवलं. आपल्याकडे त्याला राष्ट्रगीताचा मान मिळायला अजून सात वर्षांहून जास्त अवकाश होता. आजीला हे मोठ्याने वाचून दाखवा, तिला आवडेल.

तिकिटं काढताना मे महिन्याचा पहिला पंधरवडा धरा. ७ मे ११८९ च्या सनदेवरून इथे दरवर्षी बंदराचा वाढदिवस करतात. ती सनद नंतर कुणीतरी बनवलेली आहे असं इतिहासकार सांगतात, तरी सोहळा दणक्यात होतो. जुनी शिडाची जहाजं येतात आणि टगबोटी पाण्यात नाच करतात. वारा मात्र मेमध्येही बोचरा असतो, तेव्हा कानटोपी आणि बाबांचं जाड जाकीट सामानात घाला. व्हिसाची कागदपत्रं मी या आठवड्यात पाठवते. आजीला नमस्कार.

तुमची लेक