पंचनाम्याआधी वाडी पाहा

महोदय,

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, पुढच्याच मे महिन्यात तौक्ते कोकणाला घासून गेले. पंचनाम्यात किती झाडे पडली ते मोजतात. का पडली, हे कोण विचारतो?

उन्मळलेल्या आंब्याचा बुंधा जरा निरखून पाहावा. पिशवीत वाढलेल्या कलमाच्या मुळ्या अनेकदा वेटोळे घालूनच बसलेल्या असतात, सोटमूळ खोल गेलेलेच नसते. जागेवर कोय रुजवून बांधलेले कलम त्या मानाने घट्ट उभे राहते. पोफळी, म्हणजे सुपारीची झाडे, तर एकमेकींच्या आडोशाने जगतात. शेजारची वाडी, म्हणजे बाग, रिसॉर्टसाठी तुटली की उघड्या पडलेल्या कडेच्या रांगा आधी जातात, आणि पडताना मागच्यांनाही घेऊन पडतात.

पश्चिमेला सुरूच्या झाडांची रांग लावा, असे सगळेच सांगतात. पण ती रांग भिंतीसारखी गच्च नको. वारा गाळून सोडणारी रांग आपल्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत आडोसा देते. भरीव भिंतीपलीकडे वारा भोवरे घालत खाली उतरतो.

कृषी खात्याने वाडीवार पाहणी करावी: मातीची खोली, साचणारे पाणी, उघडी कड, सोंड्या भुंग्याने पोखरलेले माड. आणि ती दिवाळीनंतर लगेच व्हावी. मे महिन्यात अहवाल हाती आला, तर छाटणीला गडी कुठून आणायचे?

– एक बागायतदार, श्रीवर्धन