डोकं शाबूत तोवरच मुखत्यारपत्र

संपादक साहेब,

मी अमळनेर तालुक्यातला, घरी कपाशी आणि थोडा मका. आमचे आप्पा रिटायर शिक्षक, वय ८१, आई गेल्यापासून माझ्याकडेच असतात. दोन वर्षांपूर्वी त्यांना लकवा मारला, उजवा हात गेला म्हणजे सहीच गेली. पण डोकं तेव्हा एकदम टकाटक होतं म्हणून वकिलाला गाठून माझ्या नावाने मुखत्यारपत्र, म्हणजे त्यांच्या वतीने मी व्यवहार करावेत असा कागद केला, रजिस्टर पण केला, आप्पांना खुर्चीसकट उचलून जिना कसा चढवला ते आमचं आम्हालाच माहीत. बँकेत गेलो तर साहेब म्हणे कागद आमच्या लीगल खात्याला तपासायला पाठवावा लागेल. झालं, दीड महिना गेला आणि औषधं उधारीवर. आजारी खातेदाराचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर घेऊन, त्यातला एक बँकेचाच जबाबदार माणूस, पैसे देता येतात, आणि ७० च्या वरच्यांना घरपोच सेवा द्या असं रिझर्व्ह बँकेने २०१७ लाच सांगितलंय, हे काउंटरवर कोणी बोललं नाही, भाच्याने मोबाईलवर शोधून काढलं.

पण खरी गंमत पुढेच आहे. यंदा पोळ्यापासून आप्पांना काही आठवेनासं झालं, मला ते त्यांचा वारलेला भाऊ समजतात. वकिलाला सहज बोललो तर तो म्हणे दादा, मग तुमचा कागद कायद्याने संपला. १८७२ च्या करार कायद्यात कलम २०१ आहे म्हणे, कागद लिहून देणारा वारला किंवा त्याचं डोकं फिरलं की मुखत्यारी खलास. आता सांगा, ज्या दिवसासाठी हा कागद करून ठेवला तो दिवस उजाडला आणि कागदाची रद्दी झाली! इंग्लंडात १९८६ पासूनच असा कागद निघतो की माणसाची समज गेली तरी तो चालतो. आपल्याकडे बहुतेकांना अशा माणसाचा कायदेशीर पालक म्हणून नेमून घ्यायला हायकोर्टात जावं लागतं, म्हणजे आम्हाला संभाजीनगरचं खंडपीठ. बापाची एफडी बापाच्याच दवाखान्यासाठी मोडायला! आणि खात्याला नॉमिनीचं नाव लावलंय ना म्हणून जे निवांत बसलेत त्यांनी पण ऐका, ते नाव माणूस गेल्यावरच कामाला येतं.

हिशोबाचं म्हणाल तर पहिल्या दिवसापासून शंभर पानी वही केलीय. डायपर, आयाबाईचा पगार, सलाईन, सगळ्याच्या पावत्या पिनने टोचलेल्या. बहीण सुरतला असते, तिला दर एक तारखेला पानाचा फोटो पाठवतो, तरी मागे एकदा फोनवर म्हणालीच, दादा एफडी किती राहिली रे? राग आला होता, पण तिचं काय चुकलं, इतक्या लांबून तिला दिसणार तरी काय.

माझं म्हणणं एवढंच की मुखत्यारपत्र जमा करून घेताना बँकेने आणि लिहून देताना वकिलाने, समज गेली की हे चालणार नाही, हे तोंडावर सांगावं, म्हणजे माणूस शुद्धीत असतानाच जॉइंट खातं तरी करून घेता येईल. आणि आपल्या खान्देशच्या खासदारांनी हे कलम बदलायचा विषय दिल्लीत काढावा, नुसते केळीच्या भावावर किती दिवस बोलणार.

आप्पा रोज संध्याकाळी विचारतात, "मना पैसा कोठे शेतस?" मी वही काढून वाचून दाखवतो, ते मान डोलावतात, आणि तासाभराने परत विचारतात.

एक वाचक, ता. अमळनेर, जि. जळगाव