टेबलापलीकडून शिकवणाऱ्या काकूंस

आदरणीय काकू,

सादर प्रणाम.

आपण कचेरीत येणे थांबवलेत त्या दिवशी मला चारचौघांत दोन वाक्यांपलीकडे बोलता आले नाही, म्हणून हे पत्र. ते उघड लिहिण्याचे कारण असे, की मालवाहतुकीच्या घरगुती धंद्याविषयी बोलताना मालकाचे आणि चालकांचे कौतुक होते, पण वह्या सांभाळणाऱ्या माणसाची आठवण सहसा कोणी काढत नाही.

मी माल भरून घेणारा कारकून म्हणून आलो तेव्हा गाड्या नऊ होत्या. काका दुरुस्ती पाहत, आपले धाकटे दीर ग्राहक सांभाळत, आणि डिझेल, टायर, बिल्टी (माल पाठवल्याची पावती), पोच, चालकांची उचल हे सारे आपल्या टेबलावर येई. टाकी काठोकाठ भरून मीटरचा आकडा लिहायचा आणि पुढच्या वेळी पुन्हा काठोकाठ भरताना जितके लिटर लागतील, त्यांनी मधल्या किलोमीटरना भागायचे, हा गाडीची सरासरी काढण्याचा साधा हिशेब आपण मला पहिल्याच आठवड्यात शिकवलात. एकदा एका गाडीची सरासरी सलग दोन फेऱ्यांत घसरली आणि डिझेल चोरीची कुजबुज सुरू झाली. आपण मला, गाडी आत येताच प्रत्येक चाकाजवळ तळहात धरून पाहायला सांगितलेत. मागच्या डाव्या चाकाशी हात धरवेना. ब्रेक सुटतच नव्हता आणि गाडी तो ओढत चालली होती. चालकावर संशय घेण्याआधी आपण गाडीवर घेत असा.

ज्यासाठी मी आपला खरा ऋणी आहे ती गोष्ट मात्र माझ्या स्वतःच्या चुकीची आहे. एका खेपेला मी बिल्टीवर ४८० खोकी लिहिली आणि माल उतरताना ४६८च निघाली. तूट चालकाच्या पगारातून कापायची ही तेव्हाची रीत होती, आणि कपातीची चिठ्ठी लिहूनही झाली होती. आपण मला कागदावर हौद्यातले थर काढायला लावलेत. प्रत्येक थरात ४० खोकी, असे १२ थर, हे मी झटकन काढून दाखवले; त्यावर आपण एवढेच विचारलेत, “फाळक्याजवळचा थर पुरा भरला होता का?” फाळक्याजवळचा, म्हणजे गाडीच्या मागच्या दारालगतचा, तो थर अपुरा होता. त्यात २८च खोकी होती आणि मी न मोजता गुणाकार केला होता. उरलेली १२ खोकी पाठवणाऱ्याच्या गोदामातच सापडली. आपण ती चिठ्ठी फाडलीत, चालकाला बोलावून माझ्या तोंडून सगळे सांगवलेत आणि नोंदवहीत “मोजणीची चूक माझी” असे माझ्या हस्ताक्षरात लिहून घेतलेत. कामावरून काढणे सोपे होते. दिरांचे मतही तेच होते, असे नंतर कळले.

जादा माल भरण्याची गळ कोणी घातली, की आपण “टायर खाऊन टाकेल” म्हणून विषय संपवत असा. एका धुऱ्यावरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याची झीज दुप्पट नव्हे, साधारण १६ पट होते, हा अभियंत्यांचा ठोकताळा मी पुष्कळ वर्षांनी वाचला.

एका बाबतीत आपले कधी पटले नाही. परतीचा माल एका दिवसात मिळाला नाही तर गाडी रिकामी बोलवा, चालक घरी झोपू द्या, असे आपण म्हणत असा. रिकामी गाडीही डिझेल खाते, टायर झिजवते आणि भाडे मात्र एका पैशाचे देत नाही, हे मी वाद घालून सांगत असे. आता फेऱ्या लावण्याचे काम माझ्याकडे आहे, आणि मी दीड दिवस थांबवतो. आपल्या मताच्या याहून जवळ येणे मला अजून जमलेले नाही.

हिशेब आता संगणकावर गेला आहे. टायरची वही मात्र मी हातानेच चालू ठेवली आहे: कोणता टायर कोणत्या चाकाला, किती किलोमीटर, किती वेळा रिमोल्ड (झिजलेल्या टायरवर नवे रबर चढवणे). आपल्या शेवटच्या नोंदीखाली माझे अक्षर सुरू होते. ते आपल्याइतके वळणदार नाही, त्याबद्दल क्षमा असावी.

आपला कृतज्ञ,
माल भरून घेणारा कारकून